विजयदुर्गावरील ग्रहण आणि हेलियमचा शोध

दरसाल १८ ऑगस्टला विजयदुर्गाच्या किल्ल्यावर हेलियमचा वाढदिवस साजरा होतो. ज्या चौथऱ्यांस तेथील लोक 'साहेबाचे कट्टे' म्हणतात ते दाखवून पाहुण्यांस सांगण्यांत येतें कीं, याच जागीं दुर्बीण लावून नॉर्मन लॉकियर या इंग्रज ज्योतिर्विदानें १८६८ सालच्या खग्रास सूर्यग्रहणांत हेलियम हें मूलद्रव्य शोधून काढलें. ही हकीकत वर्तमानपत्रांतून इतक्या वेळां छापली गेली आहे कीं, तिजविषयीं शंका घेणें हें आतां कोंकणच्या अभिमानास धक्का लावण्यासारखें वाटूं लागलें आहे. तथापि ती खरी नाहीं. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं लॉकियर इंग्लंडांत होता. युद्धखात्याच्या कचेरींत कारकुनी करून उरल्या वेळांत तो आकाश पाहत असे. विजयदुर्गावर तो आला खरा, पण १८९८ च्या जानेवारींत, म्हणजे तब्बल साडेएकोणतीस वर्षांनंतर आणि निराळ्याच ग्रहणासाठीं. दोन्ही ग्रहणांची सावली दक्षिण कोंकणावरून गेली, दोहोंशीं लॉकियरचें नांव या ना त्या प्रकारें जोडलें गेलें, आणि लोकांच्या स्मरणांत दोन ग्रहणांचें एक ग्रहण झालें.

अशी गफलत होणें स्वाभाविक आहे व तिजबद्दल कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. आम्हांस वाईट वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. या खोट्या मानामागें विजयदुर्गाचा आणि एकंदर महाराष्ट्राचा जो खरा मान आहे तो झांकून गेला आहे. तो कोणता, हें सांगण्यासाठीं वाचकांस प्रथम थोडें चुलीपाशीं नेणें भाग आहे.

मुंबईच्या उत्तरेस भाईंदरची मिठागरें आहेत आणि त्यांच्या पलीकडे समुद्रकांठीं उत्तन, पाली, चौक हीं कोळ्यांचीं गांवें आहेत. खाऱ्या पाण्यांत भिजून वाळलेल्या लांकडाचा तुकडा अशा किनाऱ्यावर जाळला तर त्याची ज्वाला जागजागीं गर्द पिंवळी होते, हें कोणालाही दिसण्यासारखें आहे. हा पिंवळेपणा लांकडाचा नव्हे, मिठाचा. अधिक नेमकें बोलावयाचें तर मिठांतील सोडियमचा. हाच उजेड अरुंद फटींतून घेऊन लोलकांतून पाहिला असतां इंद्रधनुष्याचा पट्टा दिसत नाहीं. काळोखांत दोन पिंवळ्या रेषा तेवढ्या उभ्या राहतात, त्याही इतक्या जवळजवळ कीं साध्या उपकरणांत एकच भासाव्या. सेंटीमीटरच्या दहा कोटींव्या भागास एक ॲंगस्ट्रॉम म्हणतात. त्या मापानें त्यांची तरंगलांबी ५८९६ आणि ५८९० भरते. जर्मन कारागीर फ्राउनहोफर यानें १८१४ च्या सुमारास सूर्याच्या वर्णपटांतील काळ्या रेषांस अक्षरें दिलीं तेव्हां याच जागच्या काळ्या जोडीस 'डी' हें अक्षर आलें. पुढें १८५९-६० सालीं हायडेलबर्ग येथें किर्खोफ आणि बुन्सेन यांनीं सिद्ध केलें कीं, तप्त वायु ज्या रेषा उजळून दाखवितो त्याच रेषा तो आपल्या पाठीमागून येणाऱ्या अधिक तप्त प्रकाशांतून शोषून घेतो. मिठाची ज्वाला आणि सूर्य हीं दोन्ही एकच भाषा बोलतात असें त्या दिवसापासून ठरलें.

परंतु वायूस बोलतें करावें लागतें, आणि त्याचे मार्ग अनेक आहेत. बुन्सेनच्या दिव्याची ज्वाला हा पहिला मार्ग. तिची उष्णता सुमारें दोन हजार अंश, आणि तेवढ्यांत सोडियम, पोटॅशियम यांसारखे मऊ धातूच काय ते मोकळेपणीं बोलतात. लोखंडासारख्या धातूस बोलतें करण्यासाठीं कोळशाच्या दोन कांड्यांमध्यें विजेची कमान पेटवावी लागते. त्याहून जोराचा उपाय म्हणजे रुम्कॉर्फचें वेटोळें आणि लायडनची बरणी यांच्या साहाय्यानें धातूच्या दोन टोंकांमध्यें उडविलेली विजेची ठिणगी. चौथा मार्ग गाइसलरच्या नळीचा: हवा जवळजवळ संपूर्ण काढून घेतलेल्या कांचेच्या नळींत नुसता वायु थोडासा ठेवून त्यांतून वीज सोडावयाची. या सर्वांत घडतें तें एकच. परमाणूंतील एखादा इलेक्ट्रॉन धक्क्यानें वरच्या पायरीवर चढतो, आणि खालीं उतरतांना पायऱ्यांमधील अंतराइतकी शक्ति प्रकाशरूपानें टाकतो. धक्का फार जोराचा असला तर इलेक्ट्रॉन परमाणूस सोडूनच जातो. अशा सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या आणि विद्युद्भारित परमाणूंच्या वायूस अमेरिकन शास्त्रज्ञ लँगम्यूर यानें १९२८ सालीं 'प्लाझ्मा' हें नांव दिलें. १८६८ सालीं हें नांवही नव्हतें आणि इलेक्ट्रॉनही कोणास ठाऊक नव्हता. होत्या त्या रेषा.

१८ ऑगस्ट १८६८ चें ग्रहण दीर्घ होतें. गुंटूर येथें सुमारें पावणेसहा मिनिटें सूर्य झांकलेला राहणार होता. फ्रेंच ज्योतिषी जान्सेन आणि इंग्रजांकडून मेजर टेनंट हे दोघेही गुंटूरास गेले. मद्रासच्या वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणास गेला. महाराष्ट्रीय वाचकांस अधिक जवळचें ठिकाण म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी जमखिंडी. तेथें रॉयल सोसायटीच्या वतीनें लेफ्टनंट जॉन हर्शल वर्णपटदर्शक घेऊन बसला होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शलचा हा नातू. आकाशांत ढग पळत होते. मधल्या उघाडींत त्यास सूर्याच्या कडेवरील ज्वालेंत तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन तेजस्वी रेषा दिसल्या. नारिंगी रेषा ही सोडियमची 'डी' रेषाच होय असा त्यानें निर्णय दिला. म्हणजे हेलियमचा पिंवळा उजेड त्या दिवशीं मराठी संस्थानांतील एका माणसाच्या डोळ्यांत खरोखर शिरला होता. पण त्यानें त्यास मीठ समजून सोडून दिलें. घाईच्या त्या कांहीं मिनिटांत दुसरें कोणी याहून अधिक कांहीं करूं शकलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. मिठाच्या जोडीपासून ही तिसरी रेषा अवघी चौदा ॲंगस्ट्रॉम दूर आहे.

जान्सेनचें चातुर्य निराळेंच होतें. ज्वालेच्या रेषा इतक्या तेजस्वी आहेत हें पाहून त्यास वाटलें कीं, यांस ग्रहणाची गरजच काय? दुसऱ्याच दिवशीं त्यानें उघड्या सूर्याच्या कडेवर फट ठेवून त्या रेषा पुन्हां पाहिल्या. तिकडे लंडनमध्यें लॉकियरला हीच कल्पना स्वतंत्रपणें सुचली होती. पण त्याचें उपकरण कारागिराकडून उशिरां हातीं आलें, आणि २० ऑक्टोबरला त्यानें घरच्या दुर्बिणींतून तेंच दृश्य पाहिलें. दोघांचीं पत्रें पॅरिसच्या विज्ञानसभेपुढें एकाच दिवशीं आलीं, आणि फ्रेंच सरकारनें पुढें दोघांचीही मुद्रा असलेलें एक पदक पाडलें. लॉकियर मात्र तेथेंच थांबला नाहीं. रोजच्या रोज पाहण्याची सोय झाल्यामुळें त्यास निश्चित मोजतां आलें कीं, पिंवळी रेषा 'डी' च्या जोडीशीं जुळत नाहीं. ती ५८७६ च्या जवळ आहे. तिला त्यानें 'डी-तीन' म्हटलें. रसायनज्ञ फ्रँकलंड याच्या मदतीनें हायड्रोजनला नाना प्रकारें उत्तेजित करून पाहिलें, पण ती रेषा कांहीं निघेना. तेव्हां ही कोणा अज्ञात द्रव्याची असली पाहिजे असें मानून, सूर्याच्या ग्रीक नांवावरून त्या द्रव्यास 'हेलियम' हें नांव पडलें.

येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. सूर्याच्या नेहमींच्या वर्णपटांत 'डी-तीन'च्या जागीं काळी रेषा बहुधा आढळतच नाहीं, आणि यामुळें पुष्कळ रसायनज्ञांनीं हेलियमची थट्टा केली. आज कारण कळतें तें असें कीं, हेलियमच्या इलेक्ट्रॉनची पहिली पायरीच फार उंच आहे. साध्या उष्णतेच्या धक्क्यानें तो तेथवर चढत नाहीं. ज्वाला आणि कमान त्याच्यापुढें हात टेकतात. म्हणून हा प्रश्न सुटला तो गाइसलरच्या नळीनें. १८९५ च्या मार्च महिन्यांत विल्यम रॅम्से हा आर्गॉनच्या शोधांत क्लेव्हाइट नांवाच्या युरेनियमयुक्त खनिजावर आम्ल घालून निघालेला वायु नळींत भरून वीज सोडून पाहत होता. एक झळझळीत पिंवळी रेषा दिसली. त्यानें प्रथम मिठाचाच संशय घेतला. मग नळी क्रुक्सकडे मोजण्यास पाठविली, आणि क्रुक्सनें उत्तर दिलें कीं ही 'डी-तीन' आहे. सत्तावीस वर्षें सूर्यांतच राहिलेलें द्रव्य पृथ्वीवर सांपडलें. तात्पर्य इतकेंच कीं, लॉकियर विजयदुर्गास आला तेव्हां हेलियम नळींत भरून ठेवल्यास तीन वर्षें होत आलीं होतीं. तेथें त्याचा शोध लागण्यासारखें कांहीं उरलेंच नव्हतें.

मग तो आला कशास?

२२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाची सावली अरबी समुद्रावरून भर दुपारीं कोंकणांत उतरली, आणि घाट चढून सोलापूर, वऱ्हाड, वर्धा या भागांवरून ईशान्येकडे गेली. पूर्णग्रास दोन मिनिटांहून किंचित् अधिक. एवढ्यासाठीं जगांतले वेधशास्त्री महाराष्ट्रांत लोटले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्बेल सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर स्टेशनाजवळ चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन उतरला; वर्ध्याजवळ पुलगांव येथें न्यूअल आणि हिल्स यांचा तळ पडला; वऱ्हाडांत तळणी येथें माउंडर पतिपत्नी आणि एव्हरशेड आले. मुंबई-पुण्याकडे त्या वेळीं प्लेगनें थैमान घातलें होतें. रँडच्या खुनास सात महिनेच झाले होते. मृगशीर्षावरून वेदकाल ठरविणारे टिळक राजद्रोहाच्या शिक्षेनें तुरुंगांत होते, आणि 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'चे कर्ते शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या आयुष्याचे तीन महिनेच उरले होते. आपल्या देशांतील ज्योतिषाचा इतिहास ज्यांनीं नीट मांडला त्या दोघांचा ग्रहणसमयींचा हा योग आम्हांस चटका लावून जातो.

लॉकियरनें समुद्रकांठ निवडला, कारण त्यास माणसांची गरज होती आणि 'मेलपॉमिनी' या आरमारी जहाजाचे खलाशी त्यास मिळाले होते. कॅप्टन चिझम-बॅटन यांच्या हुकमाखालीं त्या खलाशांस दिवसचे दिवस कवाईत देऊन दुर्बिणी, कॅमेरे, घड्याळें संभाळण्यास आणि प्रभामंडलाचीं चित्रें काढण्यास शिकविण्यांत आलें. कलकत्त्याचे प्रोफेसर पेडलर होते. मुख्य काम लॉकियरचा शिष्य अल्फ्रेड फौलर याजकडे होतें. तें लोलक-कॅमेऱ्याचें. या उपकरणांत फट नसते. भिंगापुढेंच लोलक बसवितात. सूर्य पूर्ण झांकण्याच्या क्षणीं जी बारीक कोर उरते तीच फटीचें काम करते, आणि प्रत्येक रेषा कोरेच्या आकाराची कमान होऊन कांचेवर उमटते. जी वस्तु सूर्याच्या पृष्ठापासून उंचावर आहे तिची कमान लांब, जी खालीं आहे तिची आंखूड. अशा रीतीनें क्षणार्धांत सूर्याच्या वातावरणाचे थर एकावर एक मोजतां येतात.

लॉकियरला या थरांत एक जुना वाद निकालांत काढावयाचा होता. प्रयोगशाळेंत त्यानें पाहिलें होतें कीं, एकाच धातूच्या रेषा कमानींत एक प्रकारच्या आणि ठिणगींत दुसऱ्या प्रकारच्या दिसतात. कांहीं रेषा ठिणगींत एकदम बळावतात. चुन्याच्या धातूचें, म्हणजे कॅल्शियमचें, उदाहरण घ्या. ज्वालेंत त्याची ४२२७ ही रेषा पुढारी असते. ठिणगींत ती मागें पडून ३९३४ आणि ३९६८ या दोन जांभळ्या रेषा तळपूं लागतात. लॉकियरचें म्हणणें असें कीं, अतिउष्णतेनें मूलद्रव्य फुटून त्याचें अधिक मूळचें रूप प्रकट होतें. मूलद्रव्यें फुटतात हें ऐकून रसायनज्ञ हंसत. ग्रहणांच्या कांचांवर सूर्याच्या वर्णावरणांत याच बळावलेल्या रेषा ठळक आढळल्या, आणि विजयदुर्गाच्या वेधांनीं ही गोष्ट अधिक पक्की झाली. अर्थ चुकीचा, पण निरीक्षण बिनतोड, असा हा प्रकार होता.

त्या ग्रहणाचें दुसरें फळ हिरव्या रेषेचें. प्रभामंडलांत १८६९ सालीं प्रथम दिसलेली एक हिरवी रेषा तोंवर सर्वजण ५३१७ या जागीं आहे असें धरून चालले होते. महाराष्ट्रांत घेतलेल्या कांचांवरून ती जागा ५३०३ असल्याचें ठरलें. कॅम्बेलचें जेऊर येथील मोजमाप यांत प्रमुख होतें. चौदा ॲंगस्ट्रॉमचाच फरक. पण चुकीच्या पत्त्यावर विचारपूस करून घरमालक सांपडत नसतो. पुढें १९३९ नंतर ग्रोट्रियन आणि एडलेन यांनीं दाखविलें कीं, ही रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे, आणि त्यावरून प्रभामंडलाची उष्णता दहा लाख अंशांच्या घरांत असल्याचा आश्चर्यकारक निष्कर्ष निघाला.

जेऊरलाच त्या दिवशीं आणखी एक तळ होता, आणि आमच्या मतें मराठी वाचकांनीं जपण्यासारखी खरी आठवण तीच. पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला तेथें आपलीं उपकरणें घेऊन आले होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांची देणगी आणि मुंबई सरकारची मदत यांतून १८८८ सालीं पुण्यास जी वेधशाळा उभी राहिली तिचे ते प्रमुख. तिच्यांतील वीस इंचांची परावर्तक दुर्बीण पुष्कळ वर्षें हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. विलायतेंत असतां लॉकियरचाच सल्ला घेऊन नायगमवालांनीं ही वेधशाळा वर्णपटाच्या अभ्यासाकडे वळविली होती. आणि याच शिष्यानें १८९१ सालीं गुरूस खोडून काढलें! मृगांतील तेजोमेघाची मुख्य हिरवी रेषा ही मॅग्नेशियमच्या पट्ट्याचें अवशिष्ट टोंक आहे असें लॉकियरचें मत होतें; त्याचा उल्कांचा सिद्धांत त्यावर उभा होता. नायगमवालांनीं पुण्याच्या दुर्बिणींतून पाहिलें तेव्हां रेषा दोन्ही कडांनीं स्वच्छ आणि रेखीव दिसली, आणि तसें त्यांनीं लंडनच्या ज्योतिषसंस्थेस कळविलें. ती रेषा मॅग्नेशियमची नव्हेच. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती आहे हें बोवेन यानें १९२७ सालीं दाखविलें. जेऊरच्या ग्रहणाचा नायगमवालांचा वृत्तांत १९०२ सालीं प्रसिद्ध झाला. विजयदुर्गावर व्याख्यानें होतात. जेऊरास, आमच्या ऐकिवांत तरी, या गृहस्थांचें कोणी नांव काढीत नाहीं.

बळावलेल्या रेषांचें कोडें सुटलें तेंही एका हिंदी माणसाकडूनच. १९२० सालीं मेघनाद साहा यांनीं कलकत्त्याहून दाखवून दिलें कीं, ठिणगींतील कॅल्शियम हें फुटलेलें मूलद्रव्य नव्हे, एक इलेक्ट्रॉन गमावलेला परमाणु होय. आणि उष्णता वाढली असतां किंवा दाब घटला असतां असे किती परमाणु इलेक्ट्रॉन गमावतील याचें गणित त्यांनीं एका समीकरणांत बसविलें. सूर्याच्या वरच्या विरळ थरांत ठिणगीच्या रेषा कां तळपतात याचें उत्तर दाबांत होतें. त्याच वर्षीं साहा लंडनला गेले आणि आपला पुढचा निबंध त्यांनीं फौलरच्या प्रयोगशाळेंत बसून सुधारून लिहिला. विजयदुर्गावर लोलक-कॅमेरा चालविणारा तोच फौलर. बावीस वर्षें ज्या कांचांचा अर्थ लागत नव्हता त्यांचा धनी आणि अर्थ सांगणारा एका छताखालीं आले. लॉकियर त्याच वर्षाच्या ऑगस्टांत वारला होता.

पृथ्वीवरील धंद्यांतही या विद्येनें आपला हात दाखविला. अणुभट्टीच्या युरेनियमांत बोरॉनचा लेश असला तर तो न्यूट्रॉन गिळून भट्टी थंड करतो; म्हणून दहा लाखांत एक भागाहूनही कमी बोरॉन ओळखावें लागतें. युरेनियमच्या स्वतःच्याच हजारों रेषा असल्यामुळें तें अवघड. १९४६ सालीं स्क्रिबनर आणि मुलिन यांनीं युक्ति काढली कीं, ऑक्साइडांत थोडें गॅलियम मिसळून कमानींत तापवावें. मग मळ तेवढा वाफ होऊन आधीं निघतो आणि युरेनियम मागें राहतें. तुर्भ्याच्या अणुकेंद्रांतही ही रीत वापरली गेली. १९६० नंतर रीड, ग्रीनफील्ड आणि फॅसेल यांनीं कमानीची जागा घेणारी नवी तऱ्हा पुढें आणली: गारेच्या कांचेच्या नळींतून आर्गॉन वाहावयाचा, बाहेर तांब्याचें वेटोळें, आणि त्यांतून सेकंदास कोट्यवधि वेळां दिशा बदलणारी वीज. नळीच्या तोंडाशीं सहा ते दहा हजार अंशांची शुभ्र जोत उभी राहते, आणि तिला कोळशाच्या कांड्यांचा स्पर्शही नसतो. विहिरीचें पाणी, शेतांतील माती, औषधें यांतील जड धातु आज बहुधा तिच्याच उजेडांत मोजले जातात.

१९१२ सालीं नायगमवाला निवृत्त झाले आणि पुण्याची वेधशाळा बंद करण्यांत आली. तिची मोठी दुर्बीण आणि इतर सामान कोडाइकॅनॉलच्या सरकारी वेधशाळेकडे रवाना झालें. तेथील संचालकपदीं तेव्हां जॉन एव्हरशेड होता. नायगमवाला जेऊरास उभे होते त्या दुपारीं, त्याच सावलीच्या वाटेवर पुढें तळणी येथें कॅमेरा लावून बसलेला तोच तो एव्हरशेड.